कानांनी भेटलेला लेखक

भंडारा शहर मागे टाकून साकोलीच्या दिशेने निघालेला महामार्ग वैनगंगा ओलांडतो, तेथे नदीकाठी कारधा हे गाव आहे. इंग्रजांच्या अमदानीतील जुना ठेंगणा पूल आणि त्यानंतर झालेला उंच पूल यांमुळे हे गाव दूरवरच्या प्रवाशांनाही ठाऊक झाले आहे. पावसाळ्यात नदी किती चढली हे कारध्याच्या पुलापाशी मोजले जाते, आणि तो आकडा ऐकण्यासाठी काठावरची सारी गावे कान टवकारून बसतात. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, त्या दिवसांत तर दुसरे काही ऐकण्याची कोणाची मनःस्थितीच नव्हती. एरवी मात्र गाव शांत असते. भोवती धानाच्या बांध्या पसरलेल्या असतात, रोवणीच्या दिवसांत बायकांची गाणी बांधीबांधीतून उठतात आणि दिवेलागणीला घरोघरी ओट्यावर गप्पांची बैठक जमते.

अशा या गावातील, इयत्ता सातवीत शिकणारी एक मुलगी डोळ्यांपुढे आणावी. तिचे नाव काहीही असू शकेल, कारण अशा मुली आणि अशी मुले गावोगावी आहेत. मुलगी बुद्धीने चांगली आहे. बाजारचा हिशेब ती तोंडी करते, कोणत्या बांधीत किती पोती धान झाले हे तिला दोन वर्षांपूर्वीचेही आठवते. मात्र वर्गात प्रकट वाचनाची पाळी आली की तिचा घसा कोरडा पडतो. ओळीवरून बोट पुढे सरकते आणि आवाज मागे राहतो. त्यातच ‘पाणी’ या शब्दाच्या जागी तिच्या तोंडून ‘पानी’ असा उच्चार निघतो, कारण तिच्या घरी सर्वजण तसेच बोलतात. मग मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज येतो. असे चार वेळा घडले म्हणजे पाचव्या वेळी मूल वाचायला उभेच राहू इच्छीत नाही. पुस्तके ही दुसऱ्या कोणाची तरी मालमत्ता आहे, आपला तिच्यावर हक्क नाही, अशी समजूत तिच्या मनात नकळत घर करते. ही समजूत गुणपत्रिकेवर कोठेच दिसत नाही, तथापि ती नापास होण्यापेक्षाही अधिक नुकसान करते.

या मुलीच्या घरी आजोबा आहेत. त्यांची दृष्टी अधू झाली आहे. पूर्वी ते पोथी वाचीत, आता ती कापडात बांधून ठेवलेली आहे. एके संध्याकाळी थोरला भाऊ आपल्या भ्रमणध्वनीवर एक कथा लावतो. कोणीतरी कसलेला वाचक ती वाचीत असतो. पहिली कथा द. मा. मिरासदारांची निघते, आणि हसून हसून घराची पुरेवाट होते. आजोबा तर डोळे पुसतात. ती संपल्यावर दुसरी कथा आपोआप सुरू होते. ही व्यंकटेश माडगूळकरांची असते. या कथेत हसण्यासारखे फारसे काही नसते. भाऊ उठून जातो, आई चुलीकडे वळते, आजोबा मात्र बसून राहतात आणि मुलगीही बसून राहते. कथा संपते तेव्हा दोघेही बोलत नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्यावर मुलीला हसवणारी कथा आठवत नाही, दुसरी आठवते. सकाळी उठल्याबरोबर ती भावाला विचारते, “कालची दुसरी गोष्ट कोणाची होती?”

एखाद्याला आपला आवडता लेखक सापडतो, तो याच क्षणी. कथा ऐकून वा वाचून झाल्यावर ‘पुढे काय झाले?’ असा प्रश्न पडला तर ती कथा आवडली असे म्हणता येईल. ‘ही कोणी लिहिली?’ असा प्रश्न पडला, तर मात्र लेखकाशी ओळख झाली असे समजावे. हा दुसरा प्रश्न शाळेत शंभर वेळा विचारला जातो. परंतु तेथे तो गुणांसाठी असतो. या मुलीने तो स्वतःहून विचारला, यातच सर्व काही आले.

आता या घरात एक काकाही आहेत, आणि त्यांचे मत निराळे आहे. त्यांनी स्वतः पुष्कळ वाचले आहे, आणि तेही कष्टाने. तालुक्याच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून, रात्री कंदिलाजवळ बसून त्यांनी वाचन केले. ते म्हणतात, “हे काही वाचन नव्हे. कानात गोष्ट ओतून घेणे म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास गिळणे. याने पोरांना पुस्तकाची सवय कशी लागणार?” काकांचा राग समजण्यासारखा आहे, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य मुळीच नाही असेही नाही. तो भाग पुढे येईलच. तथापि ऐकलेली कथा ही वाचलेल्या कथेची उष्टी बहीण आहे, हा जो त्यांचा मूळ समज, तो मराठीच्या बाबतीत तरी टिकणारा नाही.

मराठी गद्याचा आरंभच मुळी कानांतून झाला आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी गावोगाव फिरले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते बोलत आणि शिष्य ऐकत. त्यांच्या पश्चात म्हाइंभटांनी ठिकठिकाणी हिंडून, ज्यांनी जे पाहिले व ऐकले होते ते विचारून घेतले, आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा अनुयायांनी पाठ असलेल्या लीळांवरून ती पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. चक्रधरांनी बोलण्याच्या ओघात दिलेले लहान लहान दाखले केशिराजबासांनी वेगळे काढले, तोच ‘दृष्टान्तपाठ’. हत्तीला चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे, आणि ती आजही मुलांना सांगितली जाते. या पंथातील निळभट्ट भांडारेकार यांच्या नावातच भंडारा आहे. तेव्हा वैनगंगेच्या काठी बसून कोणी कथा ऐकत असेल, तर ते काही परक्या देशाची रीत उचलीत नाहीत.

त्यानंतरच्या शतकांतही कथा ऐकण्याची वाट बंद पडली नाही. कीर्तनकाराचे आख्यान ऐकले गेले, दळताना ओव्या ऐकल्या गेल्या. झाडीपट्टीत दंडार उभी राहिली, आणि पुढे येथील नाटकांनी रात्रीच्या रात्री जागवल्या. १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, आणि कथा वाऱ्यावरून येऊ लागली.

मग १९६० च्या दशकात एक नवलाची गोष्ट घडली. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तीन कथालेखक व्यासपीठावर येऊन आपल्याच कथा लोकांना सांगू लागले. याला कथाकथन हे नाव मिळाले. ना पडदा, ना रंगभूषा, ना वाद्ये. एक माणूस उभा राहून बोलतो आणि समोर माणसांचा समुदाय निश्चल बसतो. शहरांत हे कार्यक्रम झालेच, परंतु लहान गावांतही झाले, आणि ज्यांनी जन्मात कथासंग्रह हाती धरला नव्हता अशा माणसांना या तिघांची नावे पाठ झाली. तिघेही पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला, पाटील १९८५ साली नांदेडला आणि मिरासदार १९९८ साली परळीला. पुढे व. पु. काळे यांनी कथाकथनाला शहरी मध्यमवर्गाच्या घरांत नेले. त्यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती निघाल्या आणि लेखकाचा आवाज कपाटात ठेवता येऊ लागला. शंकर पाटलांबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कथा सांगून गावे हसवणारे हे लेखक महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळात मराठीचे विशेष अधिकारीही होते. म्हणजे पाठ्यपुस्तक आणि सांगितलेली गोष्ट यांचे वैर आहे, असे त्यांना तरी वाटत नसावे.

युरोप-अमेरिकेत बोलक्या पुस्तकांचा उगम निराळ्या कारणाने झाला. एडिसनने १८७७ साली ध्वनिलेखनाचे यंत्र तयार केले, आणि पुढच्याच वर्षी त्याने या यंत्राचे जे उपयोग मांडले त्यांत अंधांना पुस्तके ऐकवणे हा एक होता. ते स्वप्न खरे व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांची दृष्टी गेली होती. अशा माणसांसाठी व इतर अंधांसाठी १९३५ साली इंग्लंडमध्ये पहिली बोलकी पुस्तके निघाली. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे २५ मिनिटांचे वाचन मावे, त्यामुळे एका कादंबरीसाठी दहाएक तबकड्या लागत. आज तीच कादंबरी खिशातील यंत्रात राहते आणि तिचे वजन शून्य असते. मराठीतही अशी पुस्तके निघू लागली. २०१७ साली स्टोरीटेल ही स्वीडनमधील संस्था भारतात आली, तेव्हापासून मराठी कथा-कादंबऱ्यांच्या ध्वनिमुद्रणाला विशेष जोर आला.

ज्याची दृष्टी गेली त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नसते, हे सर्वजण मान्य करतात. वि. स. खांडेकरांची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली, तरी ते दुसऱ्याकडून वाचून घेत राहिले व सांगून लिहवून घेत राहिले. त्यांना कोणी ‘तुमचे वाचन खरे नव्हे’ असे म्हणण्यास धजला नसता. मग डोळे शाबूत असलेल्या, परंतु अक्षरांना भिणाऱ्या मुलीलाच तो नियम का लावावा? भीती हीदेखील एक प्रकारची झापडच असते, आणि ती तर औषधानेही उतरत नाही.

परंतु प्रश्न केवळ सोयीचा नाही. माडगूळकर या मुलीला कानांतून भेटले, ते पुस्तकातून इतक्या लवकर भेटलेच नसते. याचे कारण त्यांच्या लेखनात आहे.

व्यंकटेश माडगूळकर यांचा जन्म १९२७ साली माडगुळे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, त्या वेळी ते औंध संस्थानात होते. हा माणदेश. येथे पाऊस कमी, जमीन खडकाळ आणि दुष्काळ हा घरचा पाहुणा. माडगूळकरांचे शाळेतील शिक्षण फार झाले नाही. १९४२ च्या चळवळीत ते तरुण वयात पडले. काही काळ त्यांनी खेड्यातील शाळेत मास्तरकी केली. चित्रे काढली, रानावनांत भटकंती केली. १९४९ साली त्यांचे ‘माणदेशी माणसे’ हे पुस्तक निघाले, आणि मराठी वाचकांना ठाऊक नसलेली माणसे प्रथमच आपापल्या नावानिशी पुस्तकात चालू-बोलू लागली. १९५५ साली आलेल्या ‘बनगरवाडी’त एका तरुण मास्तराची आणि धनगरांच्या लहानशा वाडीची हकिकत आहे. पुढे पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर त्यांनी अनेक वर्षे ग्रामीण श्रोत्यांसाठीच्या कार्यक्रमांचे काम केले. ज्याला शेतकऱ्याच्या कानापर्यंत पोहोचायचे आहे, त्याला लांबलचक वाक्ये परवडत नाहीत. शेतकरी दिवसभर राबलेला असतो, त्याचे अर्धे लक्ष गोठ्याकडे असते. त्याला थांबवून धरायचे तर वाक्य लहान हवे, शब्द ओळखीचा हवा आणि वस्तू डोळ्यांपुढे उभी राहायला हवी. माडगूळकरांचे गद्य आकाशवाणीपूर्वीही असेच होते, त्यामुळे तेथे त्यांना भाषा बदलावी लागली नसेल. त्यांच्या लेखनात विशेषणांची गर्दी नाही. माणूस दुःखी होता असे ते सहसा सांगत नाहीत. तो काय करीत होता एवढेच सांगतात, आणि दुःख ऐकणाऱ्याच्या मनात तयार होते.

हसवणारी कथा ऐकताना श्रोत्याला पदोपदी बक्षीस मिळते. म्हणून व्यासपीठावर टाळ्या मिरासदारांना आणि पाटलांना अधिक मिळाल्या असतील, तर त्यात आश्चर्य नाही. तो त्यांचा मोठाच गुण होता. तथापि टाळ्यांचा कडकडाट जेथे अधिक झाला तेथेच आपला लेखक असतो, असा काही नियम नाही. जत्रेत पाळण्याभोवती दाटी होते. कोपऱ्यातील बासरीवाल्याजवळ एखादेच मूल उभे राहते, आणि घरी परतताना बासरी त्याच्याच हाती असते. कारध्याच्या त्या घरातही तसेच झाले.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. माणदेश आणि वैनगंगेचे खोरे यांत केवढे अंतर! तिकडे बाजरी व ज्वारी, इकडे धान. तिकडे पाण्यासाठी वणवण, इकडे नदी, बोड्या आणि जुन्या मालगुजारांच्या काळातील तलाव. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नव्हे. महापुराने भिंत ओलावलेल्या घरातील मुलीने दुष्काळाची गोष्ट का ऐकावी? आणि तरीही ती ऐकते. माडगूळकरांच्या एका कथासंग्रहाचे नाव ‘हस्ताचा पाऊस’ असे आहे. हे नाव ऐकताच आजोबा मान डोलावतात. हस्त नक्षत्राचा पाऊस पडला तर धानाचा दाणा भरतो आणि तो चुकला तर लोंबी पोचट राहते, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. माणदेशातला शेतकरी त्याच नक्षत्राकडे निराळ्या पिकासाठी डोळे लावून बसतो, एवढाच काय तो फरक. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेले हे दोन शब्द मुलीने पाहिले असते, तर कदाचित ती पुढे गेली असती. आजोबांच्या शेजारी बसून ते ऐकले, म्हणून त्या दोन शब्दांमागचे आभाळ तिला दिसले.

बोलीचा प्रश्न तर याहूनही नाजूक आहे. माडगूळकर, पाटील, मिरासदार यांच्या कथांतील माणसे आपापल्या मुलखाची भाषा बोलतात. कागदावर ती वाचताना भंडाऱ्याकडील मूल अडखळते. अनुस्वार कोठे, तुटलेला शब्द कोठे जोडायचा, हे त्याला उमगत नाही. तेच शब्द चांगल्या वाचकाच्या तोंडून ऐकले म्हणजे त्यांतील राग, लाडिकपणा, काकुळती ही सर्व आवाजातूनच कळतात. आणि मग मुलीच्या ध्यानात एक मोठी गोष्ट येते. पुस्तकातही माणसे पुस्तकी बोलत नाहीत! तिकडचा धनगर आपल्या आजीप्रमाणेच घरगुती मराठी बोलतो, आणि त्याला कोणी हसत नाही. उलट त्याचे बोलणे कोणीतरी मोठ्या आदराने लिहून ठेवले आहे.

पूर्व विदर्भातील या बोलीला झाडीबोली म्हणतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा अभ्यास केला आणि तिला साहित्याच्या मांडवात मानाने आणून बसविले. या बोलीत ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो. ती चूक नव्हे, ती त्या बोलीची रीत होय. शाळेत ‘पाणी’ असे लिहायला व म्हणायला शिकलेच पाहिजे, कारण ती सर्व महाराष्ट्राची सामाईक भाषा आहे. परंतु सामाईक भाषा शिकवण्यासाठी घरची भाषा हसण्यावारी नेण्याची गरज कोणत्याही शिक्षकाला पडू नये. ज्यांना ती पडते, त्यांनी एखादी माणदेशी कथा एकदा मोठ्याने वाचून पाहावी, म्हणजे आपण कोणाला हसत आहोत हे त्यांना कळेल.

आता काकांच्या बाजूकडे वळणे न्यायाचे होईल. ऐकण्याच्या या नव्या साधनात काही उणिवा निश्चितच आहेत आणि त्या झाकून ठेवणे बरे नव्हे.

पहिली अशी की, वाचून दाखवणारा माणूस लेखक आणि श्रोता यांच्या मध्ये उभा असतो. ‘माणदेशी माणसे’तील धर्मा रामोशी त्याने रडवेल्या सुरात वाचला, तर धर्मा आपल्यासाठी कायमचा रडवा होऊन बसतो. छापील पानावर मात्र तो ताठ मानेचाही असू शकतो. ते ठरवण्याचा अधिकार वाचकाचा आहे, आणि तो सहजासहजी दुसऱ्याच्या हवाली करू नये. काही ध्वनिमुद्रणांत मागे वाद्ये वाजत असतात. दुःखाच्या जागी सारंगी, भीतीच्या जागी ढोल. जी कथा स्वतःच्या बळावर उभी आहे तिला या कुबड्या कशासाठी? अशा वेळी माडगूळकरांसारख्या लेखकाची फार कुचंबणा होत असेल, कारण त्यांच्या कथेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुष्कळदा दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत घडते.

दुसरी उणीव ऐकणाऱ्याचीच आहे. कान उघडा असला म्हणजे मन उघडे असतेच असे नाही. कोणी दात घासताना ऐकतो, कोणी जेवताना ऐकतो, आणि अलीकडे तर ऐकण्याचा वेग दीडपट किंवा दुप्पट करण्याचीही सोय झाली आहे. कथा ही काही सुटणारी गाडी नव्हे, की धावत जाऊन गाठावी. जी. ए. कुलकर्ण्यांची एखादी कथा असल्या घाईने ऐकून पाहावी. हाती काहीच लागणार नाही. जी. एं.ची वाक्ये प्रतिमांनी इतकी भरलेली असतात की सावध श्रोत्यालाही मागे वळून पाहावेसे वाटते, आणि आवाज तर पुढे निघून गेलेला असतो. काही लेखक कानांचे, काही डोळ्यांचे, हे मान्य केलेच पाहिजे. आणि शुद्धलेखन? ते तर ऐकून कोणालाच आले नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा निकाल अखेर पानावरच लागतो.

येथपर्यंत काका बरोबर आहेत. त्यांचे चुकते ते इतकेच की, ते दारालाच घर समजतात. मूल पुढच्या दाराने आत आले की मागच्या, याची चौकशी करीत घरधनी उंबऱ्यावर उभा राहिला, तर पाहुणा परत जाईल. आणि खरे सांगायचे तर काकांनाही त्यांचा पहिला लेखक पुस्तकातून भेटला नसावा. तो बहुधा याच ओट्यावर, याच आजोबांच्या पोथीवाचनातून भेटला असावा. तेव्हा आजोबांची दृष्टी चांगली होती आणि काका मांडीवर होते. मोठ्या माणसांना आपण वाचायला कसे लागलो हे आठवते, पण त्यापूर्वी आपल्याला कोणी काय वाचून दाखवले होते, हे सहसा आठवत नाही.

ते काहीही असो, दारातून आत आल्यावर पुढे घर पाहायचे असतेच. मुलीने भावाकडून नाव मिळवले, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. ‘माडगूळकर’ मधला ‘गू’ दीर्घ की ऱ्हस्व, याबद्दल तिला खात्री नव्हती. तिने दोन्ही लिहून पाहिले. शाळेच्या ग्रंथपेटीत तिने शोध घेतला. त्या नावाचे एक पुस्तक निघाले, कडा वाळवीने कुरतडलेल्या, पण पाने शाबूत. ते घेऊन ती घरी आली, तेव्हा तिच्या चालण्यात थोडीशी घाई होती.

वाचायला बसल्यावर प्रथम तिची निराशाच झाली. पानावर तो आवाज नव्हता. शब्द नुसते उभे होते, कोणी त्यांना बोलते करीत नव्हते. मग तिने जी कथा ऐकली होती तीच काढली. आता गंमत झाली. पहिल्या ओळीबरोबर तो आवाज तिच्या मनात सुरू झाला, आणि बोट त्याच्या मागोमाग जाऊ लागले. अडखळण्याच्या जागी आवाज तिला हात देऊन पुढे नेई. दोन पाने झाल्यावर तिच्या ध्यानात आले की, एका ठिकाणी वाचणाऱ्याने एक लहानसे वाक्य भरभर उरकून टाकले होते. ते वाक्य ऐकताना तिच्या कानांतून निसटले होते. छापील पानावर मात्र ते तिची वाट पाहत थांबले होते. तिने ते तीन वेळा वाचले. तिसऱ्या वेळी तिला कथेतला तो माणूस निराळाच दिसला. पुढची कथा तिने ऐकलेली नव्हती. तीही तिने काढली, आणि आश्चर्य असे की, आवाज तिथेही तिच्याबरोबर आला. तो आता थोडासा तिच्या स्वतःच्या आवाजासारखा लागत होता.

दिवेलागणीला आजोबा ओट्यावर येऊन बसले. त्या दिवशी वीज गेली होती आणि भावाच्या यंत्रातील विद्युतघट संपला होता. नदीकडून ओला वारा येत होता. मुलीने घासलेटचा जुना दिवा पुसून पेटवला आणि पुस्तक मांडीवर घेतले.

ती वाचू लागली. पहिल्याच परिच्छेदात ‘पाणी’ हा शब्द आला. ती क्षणभर थांबली. येथे हसायला कोणी नव्हते. तिने तो शब्द आधी पुस्तकात होता तसा म्हटला, आणि पुढे एका म्हाताऱ्याच्या बोलण्यात तो पुन्हा आला तेव्हा आपल्या घरी म्हणतात तसा म्हटला. आजोबांनी काही दुरुस्त केले नाही. काका दारात येऊन उभे राहिले होते, तेही काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पाट ओढून घेतला.

कथा अर्धी झाली असताना आजोबा म्हणाले, “माय, त्या यंत्रातला माणूस लई भरभर वाचे. तू हळू वाचतेस. मले समजते.”

मुलीने पान उलटले.